दुपारी अडीचची रात्र

यंदाही मे महिना आला आणि मी खिडकीतल्या कुलरला नवा वाळा बसवून घेतला. पहिलं पाणी पडलं, पंखा फिरला, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला आणि मी बसल्या जागी तीसेक वर्षं मागं गेले. माझं हे दरवर्षी होतं. कुणाला कशाच्या वासानं आजोळ आठवतं, कुणाला शाळा. मला वाळ्याच्या वासानं निकाल आठवतात. हजारो मुलांचे निकाल, हिरव्या पट्ट्यांचा लांबच लांब कागद आणि प्रमिलाअक्काची पांढरी साडी.

यंदा त्यात भाचीची भर पडली. सुट्टीला आलीय. सकाळी चहा घेता घेता फोन माझ्यासमोर नाचवत म्हणाली, "मावशी, रात्री अडीचला काय चाललं होतं गं? तुझं लास्ट सीन दोन एकतीसचं दाखवतंय." मी म्हटलं, पाणी प्यायला उठले होते, फोनमध्ये वेळ पाहिली. "हं, पाणी," ती म्हणाली आणि डोळे मिचकावले. घरानं हसून घेतलं, मीही हसले. पण रात्रीचे अडीच म्हटलं की मला काय आठवतं, हे काही तिला सांगितलं नाही. ते इथं सांगते.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची होते आणि बोदवडहून रोज सकाळच्या पॅसेंजरनं जळगावला यायची. भुसावळला गाडी इतका वेळ थांबायची की एक कादंबरी आठवड्यात संपे. वडील, म्हणजे अण्णा, रेल्वेत होते, त्यामुळं आमच्या घरात घड्याळही रेल्वेचंच. आई म्हणायची, पाच वाजता चहा टाकते. अण्णा म्हणायचे, सतरा वाजता. शेजारणी हसायच्या. मला दुपारचे अडीच म्हणजे चौदा-तीस हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं जे झालं त्याला मला अडाणीपणाची सबब नाही.

जळगावात बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या माडीवर आमचं संगणक केंद्र होतं. दोन खोल्या, एक कुलर, एक यंत्र, चार पडदे. धुळ्याच्या एका परीक्षा कार्यालयाचं निकालाचं काम उन्हाळ्यात आमच्याकडं यायचं आणि त्या कामापुरती मी तिथं हंगामी ऑपरेटर होते. हंगामी म्हटलं की गावात बायका विचारायच्या, "कापूस वेचाले जाते का तुमची पोर?" आई खवळायची. मला मात्र ते काही फार चुकीचं वाटायचं नाही. आम्हीही वेचतच होतो. गुणपत्रकांवरून आकडे वेचायचे आणि यंत्रात टाकायचे, पाठ दुखेस्तोवर.

त्या यंत्रावर युनिक्स नावाची प्रणाली चालायची. तिचं मला फार अप्रूप होतं. यंत्र एकच, पण आम्ही चौघी चार पडद्यांवर एकाच वेळी काम करायचो आणि ते कुणाचं काम कुणात मिसळू द्यायचं नाही. सकाळी आपलं नाव टाकायचं, आपला गुपित शब्द टाकायचा, की यंत्र आपल्या वहीत लिहून घेई: अमुक बाई, अमुक पडद्यावर, इतक्या वाजता आली. निघताना ‘एक्झिट’ टाकलं की गेल्याची वेळ. कुणी न सांगता, न विसरता, न चहाला जाता हे लिहिणं चालायचं. ‘हू’ असं टाकलं की या क्षणी कोण कोण आहे ते दिसे. ‘लास्ट’ टाकलं की ती वही उलटी उलगडायची, सगळ्यांत ताजी ओळ वर, जुन्या खाली. आणि ‘हू अॅम आय’ विचारलं, म्हणजे मी कोण, तर पडद्यावर येई: सुमन, पडदा दोन, सकाळी नऊ पंचवीसपासून. ज्या प्रश्नापायी लोक घरदार सोडून हिमालयात गेले त्याचं इतकं सरळ उत्तर मला पुन्हा कधी मिळालेलं नाही.

त्या वहीत प्रमिलाअक्काची नोंद मात्र कधी धड नसायची. अक्का आमच्यात सगळ्यांत मोठी, पस्तिशीपुढची. मूळची साक्रीची. नवरा गेलेला, घरात सासू आणि शाळकरी मुलगी. सासू-सुनेचं फारसं बोलणं नसायचं. अक्काची बोटं इतकी सफाईनं चालायची की आमच्या तिघींचं काम ती एकटी रेटायची, आणि बोलणं मात्र जपून, निवडून. संध्याकाळी पाच पस्तीसला ती "येते गं" म्हणायची, पडद्याचं बटण बंद करायची आणि जिना उतरायची. एक्झिट नाहीच. पडदा काळा होई, पण यंत्राच्या लेखी अक्का तिथंच बसलेली.

"अक्का, एक्झिट टाकत जा ना," मी म्हणायची. यंत्राची देखभाल माझ्याकडं होती. "यंत्राला वाटतं तुम्ही अजून इथंच आहात."

"मग वाटू दे की. घरी कुणाला वाटत नाही, यंत्राला तरी वाटू दे."

"तसं नाही हो."

"जाताना जाते म्हणू नये, सुमन. येते म्हणावं. तुझं ते एक्झिट म्हणजे जातेच ना?"

यावर यंत्र बसवून गेलेल्या इंजिनिअरनं मला काही शिकवलेलं नव्हतं. मग मीच सकाळी तिचं जुनं येणं मोडून ठेवायची आणि ती नव्यानं यायची. असं आमचं चालायचं.

जळगावच्या मे महिन्याचं वर्णन मी बाहेरच्यांपुढं करायचं सोडून दिलंय. त्यांना वाटतं बाई वाढवून सांगते. दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसायचं नाही. केंद्राच्या लोखंडी जिन्याचा कठडा हाताला भाजायचा, आम्ही पदर गुंडाळून तो धरायचो. खिशात कांदा ठेवून फिरणारे लोक होते आणि कुणी त्यांना हसत नसे. निकालाच्या हंगामात यंत्र रात्रीही बंद करायचं नाही असा इंजिनिअरचा हुकूम होता. त्यामुळं रात्री राखण करायला आबा यायचे, एरंडोलकडचे, डोक्याला कायम पांढरा रुमाल. ते जिन्याच्या तोंडाशी खाट टाकायचे. किल्ली त्यांच्या करगोट्याला.

आणि लाईट. लाईट जायचीच. कधी सांगून, बहुतेक वेळा न सांगता. बॅटरी दहा मिनिटं तग धरायची, मग यंत्र मान टाकायचं आणि त्याबरोबर सगळ्यांची हजेरीही जायची. लाईट आली की ते डोळे उघडे आणि पहिला प्रश्न विचारे: किती वाजले? त्याच्या पोटातलं घड्याळाचा सेल कधीचा संपलेला, नवा मुंबईहून यायचा होता. तेव्हा वेळ सांगायचं काम माझं. आकडे चार, तास दोन, मिनिटं दोन. तारीख तीच ठेवली तरी चाले. मी भिंतीवरचं घड्याळ बघायची आणि टाकायची. रोज, कधी दिवसातून तीनदा. यंत्राला वेळ आपण सांगतो, हे त्या वयात मला मोठं गमतीचं वाटायचं. ते आपल्यावर विश्वास ठेवतं, हे ध्यानात यायला वेळ लागला.

बुद्धपौर्णिमेला सुट्टी होती, पण आम्हाला नव्हती. निकाल तोंडावर आलेला. अक्का सकाळी विहारात जाऊन मग आली, पांढरीशुभ्र साडी, केसात काही नाही, हातात खिरीचा डबा. ती जिन्यावरून आत आली तेव्हा आम्ही तिघी काम करता करता थांबलोच. रोज तपकिरी नाहीतर गडद निळ्या साडीत असायची. "बघता काय," ती म्हणाली, "खीर खराब होईल उन्हानं, लवकर जेवा." दुपारी दोनच्या आत लाईट गेली. कुलर थांबला. आम्ही फरशीवर पाणी शिंपडून, तिथंच बसून, तांदळाची ती दाट खीर वाट्या चाटून संपवली. नंतर फरशीवरच आडव्या झालो. अक्का भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. पांढऱ्या साडीवर खिरीचा एक थेंब पडला होता आणि तिला तो माहीत नव्हता. माझ्या त्या वर्षीच्या सुखाचं चित्र काढायचं झालं तर मी एवढंच काढीन.

मग पंखा फिरला. कुणीतरी "आली, आली" म्हणालं. मी झोपेतून उठून यंत्रापाशी गेले. त्यानं विचारलं, किती वाजले. मी भिंतीकडं पाहिलं. अडीच. मी अडीच टाकले.

शून्य, दोन, तीन, शून्य.

अण्णांच्या मुलीनं. आपल्याकडं कुणाला वेळ विचारली तर दुपारचे आहेत की रात्रीचे, हे कोण सांगतं? ते ऐकणाऱ्याला उन्हावरून दिसतंच. यंत्राला खिडकी नव्हती. त्यानं अडीच ऐकले, रात्रीचे धरले आणि आम्हा चौघींची हजेरी इमानानं लिहायला घेतली. सहाच्या सुमारास पुन्हा लाईट गेली, पुन्हा आली. या वेळी मी नीट जागी होते, नीट अठरा वाजल्याचं टाकलं. माझी चूक मला न कळता दुरुस्तही झाली. वहीत मात्र तीन-साडेतीन तासांची एक रात्र राहून गेली.

त्या तीन तासांत अक्कानं एक दुरुस्ती केली होती. तिला आठवत नव्हती, आम्हालाही नव्हती, कारण रोज शंभरेक दुरुस्त्या व्हायच्या. पिंपळनेरच्या एका मुलीला एका विषयात एक्केचाळीस गुण पडलेले, बाकी सगळ्यांत ऐंशीच्या आसपास. अक्कानं मूळ गुणपत्रक काढून पाहिलं. आपले मास्तर लोक एकाच कागदावर निम्मे आकडे मराठीत लिहितात, निम्मे इंग्रजीत. इंग्रजी आठ आणि मराठी चार यांत घाईच्या अक्षरात फरक तो काय? वरचं तोंड मिटलं की आठ, उघडं राहिलं की चार. आमच्यापैकी कुणीतरी चार वाचला होता. अक्कानं आठ वाचला, एक्क्याऐंशी केले, चिठ्ठीवर "दु. २.५०" असं लिहून ती गठ्ठ्याला टोचली आणि पुढच्या कामाला लागली.

निकाल लागल्यावर पंधरा दिवसांनी धुळ्याहून एक साहेब आले. निनावी पत्र गेलं होतं की जळगावात गुण वाढवून मिळतात. साहेबांनी दुरुस्त्यांची यादी मागितली. यंत्र दुरुस्तीबरोबर नाव आणि वेळ लिहायचंच. बाकी सगळ्या दुरुस्त्या दोन-चार गुणांच्या. एकच मोठी, चाळीस गुणांची. प्रमिला, दोन बावन्न. रात्री.

केंद्राचे मालक नाना, स्वभावानं गरीब माणूस, रुमालानं मान पुसत म्हणाले, "सुमन, त्या दिवशीची प्रमिलाबाईंची हजेरी काढ. फक्त त्यांच्या ओळी. साहेबांना घाई आहे." मी काढली. छापणारं यंत्र करकरलं आणि कागद बाहेर आला. अक्का: आली दोन एक्केचाळीसला, गेली सहाला. तारीख पौर्णिमेची. त्याखाली तिची सकाळची ओळ होती, तिकडं कुणी पाहिलं नाही. मी माझ्या हातानं तो कागद फाडून साहेबांच्या हातात दिला. तो सोमवार होता.

"तर बाई," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट फार सभ्यपणे विचारलं. "पौर्णिमेच्या पहाटे पावणेतीनला आपण इथं होता?"

"मी रात्री इथं कधीच आले नाही."

"कागद तर म्हणतो आलात."

"चिठ्ठीवर दुपारची वेळ आहे. माझं अक्षर आहे."

"चिठ्ठी काय, नंतरही लिहिता येते. आणि हा आकडा," त्यांनी गुणपत्रक उजेडात धरलं, "याला आठ म्हणा, चार म्हणा. परीक्षक सुट्टीत गावी गेलेत, पत्राचं उत्तर येईल तेव्हा येईल. दिवसाउजेडी बसून आठ वाचला असता तर माझी हरकत नव्हती. रात्री येऊन कोण वाचतं?"

त्यांचंही चुकत नव्हतं. गुरुवारी पुन्हा येतो, तोवर लेखी खुलासा तयार ठेवा, असं सांगून ते गेले. खुलासा पटला नाही तर अक्काची नोकरी जाणार, आबांची जाणार आणि त्या पिंपळनेरच्या पोरीचे गुण पुन्हा एक्केचाळीस होणार. आबांना दुपारी घरून बोलावून घेतलं होतं. ते जिन्याखाली बसून येईल त्याला सांगत होते, "मी रातभर जागा व्हतू, भाऊ. आठे कोनी उनं नही. कुत्रं बी उनं नही. तो बठ्ठा कागद खोटा शे." कुत्रंही आलं नाही, हे खालचे दुकानदार ऐकून घ्यायचे आणि आबांची पाठ वळली की एकमेकांकडं बघायचे. एकटी बाई, रात्रीची वेळ, राखणदाराकडं किल्ली.

त्याच संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी ‘लास्ट’ टाकून त्यापुढं माझंच नाव टाकलं. का टाकलं ते आजही नीट सांगता येत नाही. मला वाटतं, आपण त्या दिवशी काय करत होतो एवढंच बघायचं होतं. पडद्यावर आलं: सुमन, पौर्णिमा, दोन बत्तीस ते सहा.

म्हणजे रात्री मीही तिथं होते. त्या रात्री मी बोदवडला अंगणात, आईच्या शेजारी, चांदण्यात झोपले होते.

मग सगळी वहीच उलगडली. चौघीही होतो. चौघी बायका रात्री अडीच वाजता ओळीनं येऊन कामाला बसलेल्या. आणि त्या ओळी कुठं होत्या? त्याच तारखेच्या दुपारच्या एकच्या ओळींच्या वर, म्हणजे त्यांच्या नंतर. यंत्राला वेळ चुकीची सांगता येते, पण ते ओळी मागंपुढं करत नाही. ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं लिहितं. दुपारी एकनंतर त्याच तारखेची रात्र कशी येईल? मला खीर आठवली, फरशीचा गारवा आठवला, भिंतीवरचं घड्याळ आठवलं आणि मी टाकलेले अडीच आठवले.

आता खरं सांगायची वेळ आली आहे, इतकी वर्षं मी ते टाळलं. मंगळवारी मी काही बोलले नाही. बुधवारी काही बोलले नाही. नानांनी मला कायम करायचं कबूल केलं होतं, जूनपासून. अण्णा निवृत्तीला आले होते. मी स्वतःला सांगत राहिले की परीक्षकांचं पत्र येईल, साहेब विसरतील, अक्का हुशार आहे, काहीतरी मार्ग काढेल. बुधवारी अक्का नेहमीसारखी आली. डबा ठेवला, नाव टाकलं, दिवसभर आकडे घातले. तिनं एकही चूक केली नाही. जेवताना तिच्याजवळ कुणी बसलं नाही, मीही नाही. मी भित्री होते. त्या वयाला काही मऊ शब्द लावून ते झाकता येईल, पण मला ते करायचं नाही.

गुरुवारी साहेब आले. अक्का उभी राहिली. तिच्या हातात खुलासा नव्हता. नाना हलक्या आवाजात म्हणाले, "प्रमिलाबाई, त्या रात्री तुम्ही घरी होता असं सांगणारं वस्तीत कुणी असेल ना? पहाटे विहारात तयारी चालली असेल, कुणी पाहिलं असेल. साहेब माणूस पाठवून विचारतील, विषय संपेल."

"नाही," अक्का म्हणाली. "मी रात्री कुठं होते, हे विचारायला माझ्या वस्तीत माणूस जाणार असेल, तर मी राजीनामा लिहिते. आत्ता लिहिते. माझ्या मुलीला तिथं राहायचं आहे."

ती टेबलाशी वळली, कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. ते टोपण काढल्याचा आवाज मी ऐकला आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब, ती रात्र नव्हती. दुपार होती. वेळ मी चुकीची घातली."

पुढचं भराभर झालं. मी सगळी वही छापायला लावली, न फाडता. हिरव्या पट्ट्यांचा तो कागद या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशीवर पसरला, जिथं आम्ही खीर खाल्ली होती तिथंच. मी गुडघ्यांवर बसून बोट ठेवत गेले. ही एकची ओळ. ही यंत्र पुन्हा सुरू झाल्याची. ही शून्य दोन बत्तीस, ही मी. या तिघी. आणि ही सहाची, पुन्हा लाईट गेली ती. तिच्या वर एकदम अठरा. साहेबही पँट सावरत खाली बसले. दोनदा वरून खाली वाचलं, एकदा खालून वर. मग अक्काच्या चिठ्ठीवरचं "दु. २.५०" पाहिलं.

"दोन मिनिटांचा फरक आहे," ते म्हणाले.

"प्रमिलाबाईंचं मनगटी घड्याळ तेवढं मागं आहे," नाना म्हणाले.

साहेब पहिल्यांदा हसले. उठून त्यांनी अक्काला हात जोडले, तेही मनापासून. एक्क्याऐंशी तसेच राहिले. पुढं परीक्षकांचं उत्तर आलं, आकडा आठच निघाला. आबा जिन्याशी मला म्हणाले, "बेटी, मन्ही रात तू माले वापस दिन्ही." मला त्यांच्या डोळ्यांत बघता आलं नाही, कारण ती घेतली होती कुणी?

संध्याकाळी जिना उतरताना अक्कानं मला थांबवलं. कठडा अजून गरम होता.

"तुला कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "सोमवारी," मी म्हटलं.

"आज गुरुवार आहे," अक्का म्हणाली आणि उतरून गेली. त्या दिवशी ती "येते" म्हणाली नाही.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. गठ्ठा दे, शाई संपली, लाईट आली. मी त्याला पात्र होते. पण रोज संध्याकाळी पाच पस्तीसला माझे कान जिन्याकडं लागायचे आणि रिकामेच परत यायचे. जूनच्या मध्यावर नानांनी मला बोलावलं. "तू खरं बोललीस, चांगलं केलंस, मी कुणापुढंही सांगेन," ते म्हणाले. "पण काम देणारे विचारतात, घड्याळ लावणारी तीच आहे का? मी काय सांगू?" ते खरोखर वाईट वाटून घेत होते. मीच त्यांची समजूत घातली.

शेवटचा दिवस शनिवार होता. हवा बदलली होती, कुलर बंद झाले होते. सगळ्या निघून गेल्या. मी माझं टेबल आवरलं, पेन घेतलं, अर्धी वाचलेली कादंबरी घेतली आणि एक्झिट टाकायला हात पुढं केला. मागून एक हात आला आणि माझ्या बोटांवर टेकला.

"राहू दे," अक्का म्हणाली. ती गेलेली नव्हती.

तिनं वाकून माझ्या पडद्याचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"आता ‘हू’ टाकलं की तू दिसशील."

"लाईट जाईपर्यंतच ना, अक्का."

"जाईल तेव्हा जाईल."

मी म्हटलं, "येते."

"ये," ती म्हणाली.

पुढं मी धुळ्याला नोकरी धरली, मग नाशिक, मग पुन्हा जळगाव. जगात यंत्रं वाढली, हजेरीच्या वह्याही वाढल्या. आता प्रत्येकाच्या खिशात एक आहे आणि कोण कधी आलं, कधी गेलं, कधी जागं होतं, ते सगळ्यांना दिसतं. माझी भाची त्यावरून मैत्रिणींचे रुसवे-फुगवे ओळखते. मी तिला एवढंच म्हणते, वेळ बघ, पण आजूबाजूच्या ओळीही बघ. ती म्हणते, मावशी, तू फार जुनी आहेस.

त्या शनिवारनंतर आठवड्याभरानं बोदवडला एक पोस्टकार्ड आलं होतं. अण्णा ओट्यावर बसले होते, चष्मा लावून त्यांनीच ते मोठ्यानं वाचलं.

"प्रिय सुमन, सप्रेम जयभीम. इकडं गारवा आहे, त्यामुळं लाईट टिकली. रोज ‘हू’ टाकून पाहत होते, रविवारीही मुद्दाम आले. तीन दिवस तू इथंच होतीस. चौथ्या दिवशी लाईट गेली. आल्यावर वेळ मी घातली, १४.३०. तुझी प्रमिलाअक्का."

अण्णांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात देत म्हणाले, "बाईंनी वेळ बरोबर लिहिलीय."